न केलेल्या चुकीची माफी

साताऱ्याला माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आमच्या अक्काच्या घरी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात बिस्किटे कधी पाहिल्याचे आठवत नाही. त्यात असतात कागद. घरपट्टीच्या पावत्या, वीजबिले, निवृत्तिवेतनाचा आदेश, भावजींच्या मृत्यूचा दाखला आणि वर्षावर्षाप्रमाणे दोऱ्याने बांधलेले आयकराचे कागद. अक्का जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. आता पंचाहत्तरी ओलांडली आहे. आयुष्यात तिने कुणाचे चार आणे बुडवले नाहीत आणि कुणाला बुडवू दिले नाहीत. अशा बाईचा जानेवारी २०२३ मध्ये एके संध्याकाळी मला फोन आला आणि ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "बाळ, माझ्यावर सरकारची थकबाकी निघालीय. कुणाला सांगू नकोस."

'कुणाला सांगू नकोस' हे शब्द माझ्या मनातून गेले नाहीत. आपल्याकडे सरकारी कागद घरात आला की आधी दार लोटून घेतले जाते आणि मग तो वाचला जातो. त्यात काय लिहिले आहे हे कळण्यापूर्वीच आपले काहीतरी चुकले असणार, असे घरातल्या सगळ्यांना वाटू लागते. मध्यमवर्गीय माणसाची ही खोड जुनी आहे आणि आयकराच्या मागणीपत्राइतका तिचा प्रत्यय दुसऱ्या कोणत्याही कागदाने येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी साताऱ्याला गेलो. डबा उघडला. प्रकरण थोडक्यात असे होते. २०२१-२२ या वर्षात अक्काला बँकेत १५-एच फॉर्म द्यायला उशीर झाला, म्हणून बँकेने तिच्या ९६,४०० रुपये व्याजातून १० टक्के दराने ९,६४० रुपये कर कापून घेतला. तिचे एकूण उत्पन्न पाहता कर काहीच लागत नव्हता. तेव्हा जुलै २०२२ मध्ये विवरणपत्र भरून तिने ते पैसे परत मागितले. (आपण बोलताना विवरणपत्रालाही 'रिटर्न' म्हणतो आणि परत मिळणाऱ्या पैशालाही 'परतावा' म्हणतो. त्यामुळे रिटर्न भरले की पैसे येतातच, अशी भोळी समजूत होऊन बसली आहे. असो.) पैसे आले नाहीत. त्याऐवजी कळले ते असे, की २००८-०९ या करनिर्धारण वर्षाची ४,२२० रुपयांची मागणी तिच्या नावावर उभी आहे. तिच्यावर ऑक्टोबर २००९ पासून दरमहा एक टक्क्याप्रमाणे १६० महिन्यांचे ६,७२० रुपये व्याज चढले आहे. एकूण १०,९४० रुपये. सबब यंदाचे ९,६४० रुपये त्यात वळते करून घेतले आहेत आणि अजून १,३०० रुपये येणे आहे.

अक्काने चष्मा पुसत विचारले, "दोन हजार आठची बाकी, आणि मला आज सांगतात?"

वस्तुतः तिला आधीही सांगितले होते. जुन्या मागणीपोटी परतावा वळता करण्यापूर्वी खात्याने करदात्याला कळवून त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, असे कायद्याचे कलम २४५ सांगत होते. त्याप्रमाणे ई-मेल गेलाही होता. तो गेला तिच्या पूर्वीच्या कर सल्लागाराच्या पत्त्यावर, कारण नोंदणी त्यानेच करून दिली होती. हे गृहस्थ दोन वर्षांपूर्वीच वारले होते. कायद्याच्या दृष्टीने नोटीस पोहोचली होती. ती वाचायला मात्र कुणी उरले नव्हते.

आता ती मूळ बाकी कशी झाली? डब्यातल्या २००८ च्या जुडीत बँकेचे १६-ए प्रमाणपत्र निघाले. २००७-०८ साली निवृत्तीच्या पैशाच्या ठेवीवर ४१ हजार रुपये व्याज मिळाले होते आणि त्यातून १० टक्के कर व त्यावरचा उपकर मिळून ४,२२३ रुपये बँकेने कापले होते. तिचा त्या वर्षीचा करही तेवढाच निघत होता. म्हणून विवरणपत्रात ना देणे ना घेणे, असा हिशेब तिने लिहिला. पण प्रमाणपत्रावर तिच्या पॅन क्रमांकातल्या 'एम'च्या जागी 'एन' छापलेला होता. एका अक्षराची चूक. ती बँकेची होती. पैसे अक्काच्या खात्यातून कापले गेले, सरकारकडे भरलेही गेले, पण जमा झाले दुसऱ्याच कुठल्या क्रमांकावर. खात्याच्या दप्तरी अक्काने कर भरलेलाच नव्हता.

एक अक्षर चुकल्याने मागणी निघू शकते, हे आपण समजू शकतो. कोट्यवधी नोंदींत चुका होणारच. चूक सुधारायला निघाल्यावर जे कळले, ते मात्र समजून घेणे मला अवघड गेले. बँकेत गेलो. ती बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती. शाखेतला तरुण अधिकारी सभ्य होता. तो म्हणाला, "आजी, आमच्या सिस्टिममध्ये २०१० च्या आधीचं काहीच दिसत नाही." खात्याकडे तक्रार केली. तिथल्या अधिकाऱ्यानेही नीट ऐकून घेतले, १६-ए पाहिले आणि चूक तुमची नाही हेही मान्य केले. मग म्हणाला, "पण दुरुस्तीची मुदत चार वर्षांची असते. ती केव्हाच संपली." आदेश ज्या आर्थिक वर्षात निघाला, ते संपल्यापासून चार वर्षांत दुरुस्तीचा अर्ज करायचा, असा कलम १५४ चा नियम होता. त्या हिशेबाने अक्काची मुदत मार्च २०१४ मध्येच संपली होती. मागणी आहे हेच तिला समजले २०२३ साली.

मी त्याला विचारले, "मग तुमच्या मागणीची मुदत किती वर्षांची असते?" तो हसला. त्या हसण्यात उत्तर होते.

माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचे मूळ इथे आहे. कर किती असावा, हा वेगळा वाद आहे. दंड असावा की नसावा, हाही वेगळा. माझा मुद्दा एवढाच आहे, की करदाता आणि सरकार यांच्या भिंतींवरची घड्याळे निरनिराळ्या वेगाने चालतात. आपले घड्याळ मिनिटांवर चालते आणि सरकारचे दशकांवर.

आता माझेच उदाहरण घ्या. त्यात चूक सर्वस्वी माझी होती. २०२२ साली विवरणपत्राची अखेरची तारीख ३१ जुलै होती आणि त्या वर्षी ती वाढवली गेली नाही. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पत्नी डेंग्यूने रुग्णालयात होती. घरी आलो तेव्हा १ ऑगस्ट उजाडला होता. त्याच दिवशी विवरणपत्र भरले. माझ्याकडून ११५० रुपये कर येणे होता. एक दिवसाचा उशीरही पूर्ण महिना धरतात, म्हणून व्याज लागले ११ रुपये. आणि विलंब शुल्क लागले ५,००० रुपये. सरकारचे एका दिवसात जे काही बुडाले असेल, त्याची भरपाई सरकारच्याच हिशेबाने ११ रुपयांत झाली होती. उरलेले पाच हजार मी शिस्तीची फी म्हणून भरले. कुरकुर केली नाही. तारीख मला माहीत होती.

पण या पाच हजारांची पूर्वपीठिका कुटुंबातल्या प्रत्येक कमावत्या माणसाने समजून घेण्यासारखी आहे. पूर्वी कायद्यात कलम २७१-एफ होते. विवरणपत्र फारच उशिरा आले तर अधिकारी ५,००० रुपये दंड करू शकत असे. 'करू शकत असे' हे शब्द महत्त्वाचे आहेत. तो दंड होता, म्हणून करदात्याला बाजू मांडता येत असे. सबळ कारण दाखवले तर दंड माफ करण्याची तरतूदही होती. २०१७ च्या वित्त कायद्याने ही पद्धत बदलली. कलम २३४-एफ आले आणि दंडाचे 'शुल्क' झाले. प्रथम ३१ डिसेंबरपर्यंत ५,००० आणि त्यानंतर १०,००० अशी आकारणी होती. पुढे २०२१ च्या बदलांनंतर उशिराचे विवरणपत्र भरण्याची मुदतच ३१ डिसेंबरवर आली आणि कमाल शुल्क ५,००० झाले. उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर ते १,००० रुपये.

दंड म्हटले की सुनावणी येते. शुल्क म्हटले की ते यंत्र आपोआप मिळवून टाकते. रुग्णालयाचे कागद दाखवायला समोर माणूसच नसतो. शिवाय हे शुल्क तुमच्याकडून किती कर येणे आहे, ते पाहत नाही. तुमचेच ८०० रुपये सरकारकडून येणे असतील आणि तुम्ही उशीर केला, तर ८०० रुपये मिळण्याऐवजी ४,२०० रुपयांची मागणी येते. 'मला परतावा मिळायचा होता, मग ही मागणी कसली?' असा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो, त्याचे एक साधे उत्तर हे आहे.

घर घेतलेल्या कुटुंबांनी याचीच दुसरी तऱ्हा अनुभवली आहे. २०१३ पासून ५० लाख वा त्याहून अधिक किमतीची सदनिका घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या पैशातून एक टक्का कर कापून सरकारात भरायचा, असा नियम आला. म्हणजे उभ्या आयुष्यात एकदाच घर घेणारा नोकरदार माणूस त्या व्यवहारापुरता सरकारचा वसुली कारकून झाला. विवरण उशिरा दिले तर कलम २३४-ई प्रमाणे रोज २०० रुपये शुल्क. हे शुल्क घटनाबाह्य आहे, असे म्हणत काही जण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने फेब्रुवारी २०१५ मध्ये ते वैध ठरवले. उशिरामुळे खात्याला जे जादा काम पडते त्याचे हे शुल्क आहे, ही शिक्षा नव्हे, असा त्यामागचा विचार होता. युक्तिवाद म्हणून तो पटण्यासारखा आहे. पण मग खात्याच्या उशिरामुळे अक्काला जे जादा काम पडले, त्याचे शुल्क कुणी द्यायचे?

पुढे आणखी एक गंमत झाली. विकणाऱ्याने पॅन आणि आधार जोडलेले नसतील तर त्याचा पॅन निष्क्रिय मानला जाऊ लागला आणि अशा वेळी एक टक्क्याऐवजी वीस टक्के कर कापायला हवा होता, अशा नोटिसा घर घेणाऱ्यांना गेल्या. विकणाऱ्याने आधार जोडले की नाही, हे घेणाऱ्याला कसे कळावे? पैसे तर केव्हाच देऊन झालेले. अखेर २३ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने सवलत मिळाली. ३१ मार्च २०२४ पर्यंतच्या व्यवहारांत विकणाऱ्याने ३१ मे पर्यंत जोडणी केली तर जादा मागणी राहणार नाही, असे ठरले. म्हणजे घेणाऱ्याची सुटका विकणाऱ्याच्या मर्जीवर!

खात्याची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे नुसते रडगाणे होईल. ज्यांनी जुने दिवस पाहिले आहेत, त्यांना आयकर कचेरीतला तो जिना आठवत असेल. परताव्याच्या धनादेशासाठी खेटे घालावे लागत आणि कारकुनाची मर्जी सांभाळावी लागे. बंगळुरूच्या केंद्रात संगणकावर विवरणपत्रे तपासली जाऊ लागली, तेव्हापासून हे चित्र पालटले. ३१ जुलै २०२४ या एका तारखेपर्यंत देशात ७ कोटी २८ लाख विवरणपत्रे दाखल झाली. एवढे काम हाताने होणे अशक्य होते. आज पुष्कळांचे पैसे काही दिवसांत खात्यात येतात आणि त्यासाठी कुणाला चहा पाजावा लागत नाही. ही प्रगती मोठी आहे आणि ती मान्य केली पाहिजे.

मात्र यंत्र आले तेव्हा जुन्या वह्यांतल्या बाक्याही त्यात ओतल्या गेल्या. त्या खऱ्या की खोट्या, हे कुणी धड तपासले नाही. २०१२ साली एका सनदी लेखापालाच्या पत्रावरून दिल्ली उच्च न्यायालयाने स्वतःहून हा विषय हाती घेतला आणि १४ मार्च २०१३ रोजी सविस्तर निकाल दिला. कापणाऱ्याने नोंद चुकवली म्हणून करदात्याला भुर्दंड पडू नये आणि त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय परतावा वळता करू नये, असा त्याचा आशय होता. त्याच्याही आधी, २००७ साली, मुंबई उच्च न्यायालयाने पगारातून कापलेला कर मालकाने सरकारात भरला नाही तरी तो नोकराकडून पुन्हा वसूल करता येणार नाही, असे सांगितले होते. मुळात कायद्याच्या कलम २०५ मध्येच हे तत्त्व होते. तेव्हा कायदा आपल्या बाजूने नव्हता, असे नाही. कायदा अक्काच्या बाजूने होता, न्यायालये तिच्या बाजूने होती, तिच्यासमोर बसलेला अधिकारीही तिच्याच बाजूने होता. तरीही ९,६४० रुपये गेले.

मग आली १ फेब्रुवारी २०२४ ही तारीख. अंतरिम अर्थसंकल्प मांडताना अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जुन्या, किरकोळ, न पडताळलेल्या मागण्या मागे घेण्याची घोषणा केली. २००९-१० या आर्थिक वर्षापर्यंतच्या २५ हजार रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ पर्यंतच्या १० हजारांपर्यंतच्या. सुमारे एक कोटी करदात्यांना याचा फायदा होईल, असे त्यांनी सांगितले. या मागण्यांमुळे प्रामाणिक माणसांना घोर लागतो आणि पुढचे परतावे अडतात, हेही त्यांनी कबूल केले. काही मागण्या तर १९६२ पासूनच्या आहेत, असे त्यांच्याच भाषणात होते. १९६१ चा आयकर कायदा अमलात आला तो १ एप्रिल १९६२ रोजी. म्हणजे कायदा पाळण्यात होता तेव्हापासूनच्या बाक्या वहीत तशाच पडून होत्या!

अक्काच्या नावावर उरलेले १,३०० रुपये या घोषणेत मिटले. तिचा भाचा संगणकावर पाहून म्हणाला, "अक्कामावशी, तुझी बाकी माफ झाली." ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. पदराला हात पुसत म्हणाली, "माफ? मी काय गुन्हा केला होता, मला माफ करायला?"

मला उत्तर देता आले नाही. कारण माफी १,३०० रुपयांची होती, आणि चुकीने घेतलेल्या ९,६४० रुपयांबद्दल तीत चकार शब्द नव्हता. १३ फेब्रुवारी २०२४ च्या आदेशात एका करदात्यासाठी एकूण एक लाखाची मर्यादा होती आणि या माफीमुळे जुन्या कराच्या श्रेयावर वा परताव्यावर हक्क सांगता येणार नाही, असेही बजावले होते. विचार करा. ज्याने नोटिशीकडे कानाडोळा केला, त्याची मागणी पूर्ण मिटली. ज्याने घाबरून भरली किंवा ज्याच्या परताव्यातून ती आधीच वळती झाली, त्याचे पैसे गेले ते गेलेच. प्रामाणिक आणि भित्र्या माणसाने यातून कोणता धडा घ्यावा?

दया आणि न्याय यांत फरक आहे. दया देणाऱ्याचे मोठेपण वाढवते, न्याय घेणाऱ्याचा मान राखतो. आपल्या करव्यवस्थेत अलीकडे सवलती, माफ्या, मुदतवाढी यांची रेलचेल आहे, आणि त्या हव्यातच. पण चूक झाली, आम्ही ती दुरुस्त करतो, असे साधे वाक्य कुठे आढळत नाही. ५ जुलै २०२४ नंतरचा प्रकार पाहा. विवरणपत्र भरण्याची संगणकीय व्यवस्था अशी बदलली, की नव्या करप्रणालीत शेअर्सच्या अल्पकालीन नफ्यावर कलम ८७-ए ची सूट मागताच येईना. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि करदात्याला हक्क सांगण्याची वाट यंत्राने बंद करता कामा नये, असा आदेश झाला. त्यासाठी मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढवावी लागली. पुढे काहींना सूट मिळाली आणि मग ती चुकून दिली म्हणून त्यांना नव्याने मागणीपत्रे गेली. १९ सप्टेंबर २०२५ च्या परिपत्रकाने त्यांना दिलासा दिला तो एवढाच, की ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत रक्कम भरली तर तिच्यावरचे व्याज माफ. पुन्हा माफीच!

आता घरोघरी उपयोगी पडेल असे थोडे सांगतो. मागणीपत्र आले तर दोन गोष्टी करू नका. घाबरून लगेच पैसे भरू नका आणि कागद ड्रॉवरमध्ये टाकून विसरू नका. प्रथम ते खरे आहे का, ते पाहा. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रावर ओळख क्रमांक असतो आणि तो खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर पडताळता येतो. मोबाइलवर आलेल्या संदेशातल्या दुव्यावर बोट ठेवू नका, भामट्यांचाही हाच हंगाम असतो. मग पत्रातले दोन रकाने शेजारी शेजारी वाचा. एकात तुम्ही दिलेले आकडे असतात, दुसऱ्यात खात्याने मोजलेले. फरक कोणत्या ओळीत पडला, हे सापडले की निम्मे काम झाले. कापलेल्या करात फरक असेल तर २६-एएस पाहा आणि कापणाऱ्याला, म्हणजे बँकेला किंवा मालकाला, लेखी कळवून नोंद दुरुस्त करायला लावा. यात दिरंगाई नको. कापणाऱ्याला अशा दुरुस्तीसाठी पूर्वी मुदतीची अट नव्हती. ती २०२५ पासून सहा वर्षांवर आणि नव्या कायद्यात दोन वर्षांवर आली आहे. संकेतस्थळावर 'मागणी मान्य आहे' असे एकदा लिहून दिले की माघार घेता येत नाही, हे लक्षात ठेवा. मागणी पटत नसेल तर दुरुस्तीचा अर्ज करा आणि अपिलाची ३० दिवसांची मुदत चुकवू नका. उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असेल आणि विवरणपत्र भरणे मुळी बंधनकारकच नसेल, तर विलंब शुल्क लागत नाही. मुदत हुकल्याने परतावा अडला असेल तर १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत विलंबमाफीचा अर्ज करता येतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नोंदणीतला ई-मेल आणि मोबाइल क्रमांक स्वतःचा असू द्या. घरातल्या वृद्धांचा आजच तपासून घ्या.

पण हे झाले नागरिकाने काय करावे ते. सरकारकडे मागण्यासारख्या गोष्टी तीनच आहेत आणि त्यांना फारसा पैसा लागणार नाही. पहिली, मागणीलाही वय असावे. ठरावीक वर्षांत पडताळून करदात्याच्या हाती पोहोचली नाही, तर ती आपोआप मिटावी. दुसरी, व्याजाचा दर दोन्ही बाजूंना सारखा असावा. आपण थकवले तर दरमहा एक टक्का आणि सरकारने थकवले तर अर्धा टक्का, हे कोणते गणित? नव्या कायद्यानेही ते बदललेले नाही. तिसरी, कापणाऱ्याची चूक असेल तर पहिली नोटीस कापणाऱ्याला जावी. ज्याच्याकडे लेखापाल आहेत त्याने उत्तर द्यावे. पत्र्याचा डबा असलेल्या म्हातारीला ते विचारू नये.

हे अशक्य नाही. २०२५ चा नवा आयकर कायदा घडत असताना मूळ विधेयकात एक तरतूद होती. विवरणपत्र मुदतीत भरले तरच परतावा मिळेल, अशी. म्हणजे एका दिवसाचा उशीर झाला की स्वतःच्या पैशावर पाणी. तिच्यावर टीका झाली, संसदेच्या प्रवर समितीने ती काढायला सांगितले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्यात ती राहिली नाही. १ एप्रिल २०२६ ही त्या कायद्याच्या अंमलाची तारीख. लोक बोलले आणि ऐकले गेले, असे हे एक उदाहरण. म्हणून दार लोटून कुजबुजण्यापेक्षा दार उघडून बोलणे बरे.

आमच्या ९,६४० रुपयांचे पुढे काय झाले, असे कुणी विचारील. विशेष अर्ज, उच्च न्यायालय असे मार्ग होते. वकिलाची फी रकमेहून अधिक झाली असती. अक्का म्हणाली, "पुरे आता." मागणी मिटल्याचे दाखवणारे ते पान भाच्याकडून तिने छापून घेतले, २००८ च्या जुडीत १६-ए च्या पाठीशी ठेवले आणि दोरा पुन्हा बांधला. मी म्हटले, "अक्का, आता हे कशाला जपतेस? प्रकरण संपलं."

"त्यांच्या लेखी संपलं," ती म्हणाली, आणि तिने डब्याचे झाकण दाबून बसवले.